मोकळी ट्रॉली

हंगाम सुरू झाला हे यंदाही मला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी दूध आणायला खाली उतरले तर रस्त्याच्या कडेला उसाचं एक कांडं पडलं होतं. कुठल्या तरी ट्रॉलीतून निसटलेलं आणि दुचाक्यांच्या चाकांखाली चिरडून पार सपाट झालेलं. त्याच्याभोवती डांबर काळपट ओलं झालं होतं. साताऱ्याच्या त्या थंड, धुरकट सकाळी तो गोडसर, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि मी दुधाची पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले.

मी व्हिडिओ गेम बनवते. आमच्या मजल्यावरच्या काकूंची अशी समजूत आहे की मी दिवसभर खेळत बसते. ती दूर करायचा प्रयत्न मी आता सोडून दिलाय. आमच्या धंद्यात एक वाद कधीच मिटत नाही. चित्र महत्त्वाचं की खेळ? म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते किती देखणं आहे यानं माणूस गुंततो, की खेळताना त्याच्या हाताला आणि डोक्याला जे करावं लागतं त्यानं? तासन्‌तास माणसं यावर भांडतात. मीही भांडते. फक्त माझं उत्तर कुठल्या वर्गात किंवा व्याख्यानात मिळालेलं नाही. ते एका हंगामात, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मिळालं.

तेव्हा मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट म्हणून गेम करायचा हट्ट माझाच. सोबत होता सुमेध, माझ्याच वर्गातला. त्याचे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि हंगामाच्या आधी ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्या. मालकाचं नाव, कमळ, मोर, ‘वाट पहा’. सुमेधचा हात वडिलांसारखाच. वर्गात कंटाळा आला की वहीच्या कोपऱ्यात तो समोरच्याची मान काढायचा, आणि ती मान कुणाची हे मागूनसुद्धा ओळखू यायचं.

विषय मी सुचवला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेतातून कारखान्यापर्यंत न्यायचा. कारण आमच्या घरात ते रोज घडत होतं. कराडच्या खालच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, शालन. ती ट्रॅक्टर चालवायची. आधी तिचे यजमान चालवायचे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. एकदा भरलेल्या ट्रॉलीवर चढून दोर आवळताना मामा वरून खाली आले ते पाठीवर. जीव वाचला, चालता येऊ लागलं, पण ट्रॅक्टरचे धक्के सोसणं संपलं. दुसऱ्या वर्षी आत्तीनं लायसन काढलं. गावात दोन-चार जण हसले. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. बघायला वेळही नव्हता, ऊस वाळत होता.

मामा अंगणातल्या बाजेवर बसून असायचे. ट्रॅक्टर सुरू झाला की उठून आत जायचे. आत्ती निघून गेली, आवाज वळणापलीकडं मावळला, की पुन्हा बाहेर येऊन बसायचे. 

सुमेधनं तीन महिने खपून त्या गेमची चित्रं काढली. आजही सांगते, तशी चित्रं मी नंतर फार कमी पाहिली. उसाचं पातं न्‌ पातं वेगळं हलायचं. सकाळचं दहिवर पात्याच्या कडेला चमकायचं आणि ऊन चढलं की विरून जायचं. कालव्याचं पाणी, त्यावर पडलेली बाभळीची सावली, मागच्या फळीवर वडिलांच्या वळणाचा मोर. वर्गातली मुलं आमच्या मागं येऊन उभी राहायची. मला वाटलं, झालं की काम. आता काय उरलंय?

डिसेंबरातल्या एका रविवारी लॅपटॉप घेऊन मी गावी गेले. दुपारची वेळ होती. आत्ती खेप टाकून आली होती, केसांत उसाच्या वाळक्या पाचटाचा भुसा तसाच. मी तिला बाणाच्या कळा दाखवल्या. ही दाबली की पुढं, ही दाबली की डावीकडं. तिनं पदरानं बोटं पुसली आणि बसली. दोन मिनिटांत ट्रॅक्टर शेतातून निघाला, कालव्यावरून गेला, खिंड चढला, उतरला आणि कारखान्याच्या फाटकात उभा राहिला.

“झालं?” आत्तीनं विचारलं.

“झालं. कसा वाटला?”

“चित्र लय झ्याक हाय गं. मोर तर जित्ता वाटतोय.” तिनं पुन्हा एकदा बाणाची कळ दाबून बघितली. मग म्हणाली, “पर रूपे, ही ट्रॉली मोकळी हाय.”

“मोकळी कशी? ऊस दिसतोय की एवढा!”

“दिसतोय. पर भरल्याली ट्रॉली अशी येत न्हाई. ही कशी, शेळीचं करडू मागं यावं तशी आली.”

मला राग आला. खरं सांगायचं तर तिला गेममधलं काय कळतंय, असंच मनात आलं. माझा चेहरा तिला दिसला असावा. ती म्हणाली, “उद्या येतीस का संगं? सकाळच्या खेपंला?”

सोमवारचं कॉलेज बुडवून मी गेले. आठची वेळ. उसाच्या फडात तोडणीची टोळी कधीपासून कामाला लागलेली, कोयत्यांचा एकसारखा सपसप आवाज. पायाखाली पाचट ओलं होतं. मी मडगार्डवर बसले, आत्तीनं ट्रॅक्टर सुरू केला. ती लगेच निघाली नाही. अगदी हळू क्लच सोडला, आणि मागं कुठंतरी ‘टक’ झालं. थोड्या वेळानं आणखी मागं दुसरं ‘टक’.

“ऐकलंस?” ती इंजिनाच्या वर ओरडली. “पयली ट्रॉली जागी झाली. मग दुसरी. दोगी जाग्या झाल्याबिगर जोर लावायचा न्हाई. न्हाईतर जोडाची पिन तुटतीया.”

संपूर्ण वाटेत आत्तीनं मागं वळून जवळजवळ बघितलंच नाही. वळणावर ती ट्रॅक्टर उलट्या बाजूला एवढा बाहेर काढायची की मला वाटायचं आता गेलो कालव्यात. पण मागची ट्रॉली वळण आत कापत येते, तिला जागा आधीच ठेवावी लागते. खिंडीच्या चढाला पुढची चाकं हलकी झाली. आत्तीनं स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच चाललेला.  ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात; तिनं त्यातला डावा एकटाच दाबला, तेव्हा कुठं तोंड वळलं. आणि उताराला तर मला पहिल्यांदा कळलं की आपण ट्रॉल्या ओढत नाही, ट्रॉल्या आपल्याला ढकलताहेत. पाठीशी एखादं मोठं जनावर रेटत असावं तसं.

“हितं क्लच दाबला, इंजिनाचा आवर सुटला, की संपलं,” आत्ती म्हणाली. “उताराला लागायच्या आदीच ठरवायचं, कवा थांबायचं ते. उतारात ठरवून भागत न्हाई.”

मी उतरले तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की आमच्या गेममध्ये यातलं एकही नाही. आम्ही ऊस काढला होता, उसाचं वजन काढलंच नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी वेड्यासारखी बसले. चित्रं असताना काम सुधरेना. पात्यांवरचं दहिवर हलवण्यातच लॅपटॉपचा जीव जायचा, त्यात वजनाचं गणित कसं बसणार? म्हणून मी चित्रं काढून टाकली. ट्रॅक्टर म्हणजे एक चौकोन, ट्रॉल्या म्हणजे दोन चौकोन, रस्ता म्हणजे एक रेघ. दोन ब्रेकच्या दोन वेगळ्या कळा, क्लच आणि गिअरच्या आणखी दोन. चौकोन एकमेकांना ओढू लागले, ढकलू लागले, उलटू लागले. पहिल्यांदा उतारावर मागच्या चौकोनानं पुढच्याला आडवा केला तेव्हा मी खोलीत एकटी असून टाळ्या वाजवल्या.

चुकलं ते एवढंच की हे सगळं मी सुमेधला न विचारता केलं. लॅबमध्ये मी लॅपटॉप उघडला आणि त्यानं बघितलं.

“माझं काम कुठंय?”

“ठेवलंय रे. काढलंय तात्पुरतं. आधी तू चालवून तर बघ...”

“तीन महिने, रूपा.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळंच मला ते जास्त लागलं. “तुला चित्र नकोच होतं तर मला कशाला घेतलंस? चौकोन तर तुलापण काढता येतात.”

तो गेला. तीन दिवस कॉलेजला आला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं याची मला खात्री होती आणि मी वागले ते चूक होतं याचीही. या दोन्ही खात्र्या घेऊन चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील गल्लीतच उकिडवे बसून एका ट्रॉलीची फळी रंगवत होते. सुमेध उंबऱ्यावर बसला होता. मला बघून उठला नाही, पण आतही गेला नाही.

मी माफी मागितली. विचारायला हवं होतं, म्हणाले. पण चित्रं परत आहेत तशी टाकणार नाही, हेही म्हणाले.

त्यावर सुमेधऐवजी त्याचे वडीलच बोलले, ब्रश न थांबवता. “ह्यो लाल पट्टा हाय न्हवं, त्यो आमी शोभंला मारत न्हाई. मागनं येणाऱ्याला लांबनं दिसाया पायजे म्हणून मारतो. त्यो पयला. मोर मागनं, जागा उरली तर.” मग सुमेधकडं न बघता म्हणाले, “मोर काढाया कवाबी येतंय रं.”

सुमेधनं मान वळवून त्या पट्ट्याकडं बघितलं. शेवटी म्हणाला, “तुझ्या आत्तीला विचार, मला नेतील का एक खेप?”

आत्ती त्याला एक नाही, चार खेपा घेऊन गेली. तो मडगार्डवर बसून काहीतरी खरडत राहायचा. घरी आल्यावर मी वही बघितली. ऊस नव्हता, कालवा नव्हता. पानांमागून पानं पुढचं चाक. जमिनीला टेकलेलं, किंचित सुटलेलं, चाक आणि रस्ता यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट. एका पानावर नुसता दोर, सैल आणि ताठ. एका पानावर चढाला लागताना इंजिनाच्या धुराचा बदलणारा काळा रंग.

“तुझ्या आत्ती एवढंच बघतात,” सुमेध म्हणाला. “निघण्याआधी दोर, मग वाटभर चाक आणि धूर. एवढा मोठा सोन्यासारखा फड बाजूला असतो, त्यांचं लक्षसुद्धा जात नाही. मी काढलं होतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसतं ते. चालवणाऱ्याला काय दिसतं ते मी काढलंच नव्हतं.”

मग त्यानं गेममध्ये तेवढंच काढलं. बाकी सगळं मातीच्या रंगाचं, सपाट. पण चाकाखालची ती उजेडाची फट दिसली की खेळणाऱ्याचं बोट आपोआप ब्रेकच्या कळेवर जायचं. त्याला काही सांगावं लागत नसे.

मार्चअखेरीला बाहेरचे परीक्षक आले. आमच्या आधीच्या गटाचा गेम मोटारींच्या शर्यतीचा होता. मोटारींच्या पत्र्यावर ढग सरकताना दिसायचे, सगळ्यांनी कौतुक केलं. मग परीक्षक सर आमच्याकडं आले. चौकोन बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “ग्राफिक्स अपूर्ण आहेत का?”

“नाही सर,” मी म्हणाले. “असंच आहे. आपण एकदा चालवा.”

“तुम्ही चालवून दाखवा, मी बघतो.”

“बघून कळणार नाही सर. चालवावं लागेल.”

एवढं मी कधी कुणा सरांना तोंडावर बोलले नव्हते. सुमेधनं माझ्याकडं बघितलं. सर उभ्या उभ्याच, एका हातात पेन धरून, कळा दाबू लागले. पहिल्याच उतारावर मागची ट्रॉली पुढं आली आणि सगळं आडवं झालं. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा आडवं. तेव्हा त्यांनी पेन खिशाला लावलं आणि स्टूल ओढून घेतलं. पाचव्या वेळी ते उतार सुखरूप उतरले आणि त्यांनी श्वास सोडला तो आम्हाला ऐकू आला.

“मागून ढकलते गाडी,” ते म्हणाले. “कुठं दाखवलंय ते?”

“दाखवलेलं नाही सर,” सुमेध म्हणाला. “ते आहेच.”

जास्त मार्क मोटारींच्या शर्यतीला मिळाले. आमच्या कागदावर ‘दृश्य बाजू कमकुवत’ असा शेरा आला. मी जिन्यात बसून चिडून रडले. सुमेध मात्र हसत होता. “कमकुवत म्हणे! स्टुलावरनं उठत नव्हते सर.”

आज मागं वळून बघते तेव्हा त्या सरांचा राग येत नाही. चित्राची ताकद मी पुढं स्वतः ठेच खाऊन शिकले आहे. नोकऱ्या सोडून आम्ही दोघांनी गेम बनवायचं स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा आमचा पहिला गेम इतका रुक्ष दिसायचा की कुणी तो उघडूनच बघितला नाही. आत काय आहे ते कळायला माणूस आत तर यायला हवा! तेव्हापासून चित्राला कमी लेखणाऱ्यांशीही मी भांडते. सुंदर दिसणं हा काही गुन्हा नाही. सुमेधच्या पात्यावरचं ते दहिवर मला अजूनही आवडतं, आणि त्यानं ते आमच्या तिसऱ्या गेममध्ये एका जागी वापरलंच. पण रंगाचा डबा कधी उघडायचा, ते मी ठरवलंय. आमच्याकडं कुठलाही गेम पहिले दोन महिने नुसत्या चौकोनांचा असतो. चौकोन खेळताना मजा आली नाही तर तो तिथंच थांबतो. मागच्याच महिन्यात एका कंपनीनं सांगितलं, गेम नंतर बघू, आधी एक मिनिटाचा झगमगीत व्हिडिओ करून द्या. काम मोठं होतं. मी नाही म्हटलं. सुमेधला सांगलीला फोन केला, या वेळी आधी विचारायला. तो म्हणाला, “नाहीच म्हण.”

आमच्या धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुली मला कधी कधी विचारतात, मॅडम, खेळात जीव आहे हे ओळखायचं कसं? मी त्यांना परीक्षकांची गोष्ट सांगत नाही. त्याच हंगामातली त्यानंतरची एक दुपार सांगते.

प्रोजेक्टची परीक्षा आटोपून मी आणि सुमेध गावी गेलो होतो. कारखान्याचा पट्टा दोन दिवसांत पडणार होता, म्हणजे गाळप बंद होणार होतं. फड मोकळे झालेले, काही ठिकाणी पाचट पेटवलेलं, हवेत काळी पाती तरंगत होती. आत्तीची एकच खेप बाकी होती. आम्ही अंगणात, लिंबाच्या सावलीत लॅपटॉप मांडला. मामा नेहमीसारखे पलीकडं बाजेवर, तोंड भिंतीकडं.

आत्ती बसली. क्लच सोडला, पहिली ट्रॉली जागी झाली, दुसरी जागी झाली. तिनं भुवई उचलली. वळणावर ट्रॅक्टर बाहेर काढला. दोन वेळा ट्रॉली उलटली. “थांब की,” म्हणाली, आम्हाला नव्हे, ट्रॉलीला. तिसऱ्या वेळी ती खिंडीला लागली. चढ वाढत गेला. धूर काळा झाला. पुढच्या चाकाखाली ती फट दिसू लागली, आणि खुर्चीतली आत्ती कमरेतून पुढं झुकली. सगळ्या अंगाचा भार तिनं पुढं टाकला. चाक आणखी सुटलं.

“आवं!” ती एकदम ओरडली. “बसा की पुढं! उचलाय लागलाय!”

मला आधी काही समजेना. मग आठवलं. पूर्वी मामा चालवायचे तेव्हा त्या चढाला आत्ती उडी मारून ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन बसायची, पुढचा भार वाढावा म्हणून. तेव्हा हाक मामांची असायची, नवराबायकोत तेवढीच पुरायची.

मामा बाजेवरून उठले होते. पाठीवर हात न ठेवता, झटक्यात. दोन पावलं आमच्या दिशेनं आले आणि तिथंच थांबले. आपण कुठं निघालो होतो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.  पडद्यावर ट्रॅक्टर तसाच चढावर अडकलेला, इंजिन घरघरत होतं. मला वाटलं, आता हे आत जाणार.

मामा आत गेले नाहीत. सावकाश चालत आले, पायानं स्टूल ओढून घेतलं आणि आत्तीच्या शेजारी, पाठ सांभाळत, टेकले. पडद्याकडं बघत राहिले. 

“लो गेर घाल की आदी,” ते म्हणाले. “वरच्या गेरात कुठं चढतोय ह्यो.”

आत्तीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. नजर चाकावरच ठेवून तिनं लॅपटॉप जरासा त्यांच्या बाजूला सरकवला.

“घालते,” ती म्हणाली. “ब्रेक तुमी धरा.”